बेरिलच्या घरातल्या गाठी

बेरिलला मी चाळीस वर्षं चेटकीण म्हणत आले. तोंडावर नाही, पाठीमागे. मिरजेच्या नातेवाइकांना फोनवर, इथे बर्मिंगहॅमच्या बायकांना हळदीकुंकवात. आणि वैताग असा, की ती स्वतःही तेच म्हणायची. "मी विच आहे, ताई," असं शांतपणे, जसं कुणी आपण शाकाहारी आहोत म्हणून सांगतं. आपण जी शिवी ठेवणीतली म्हणून जपून ठेवावी ती समोरच्या बाईनं आधीच अंगावर घेतली, तर भांडायचं तरी कशावरून?

ती माझी भावजय. माझा धाकटा भाऊ शशिकांत, आमचा शशी, एकोणऐंशी साली नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात एक्स-रेची मशिनं दुरुस्त करायला आला. मी त्याच्या आधी लग्न होऊन बर्मिंगहॅमला आले होते आणि मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायच्या कारखान्यात लागले होते. मला वाटलं, आता भावासाठी मिरजेची चांगली मुलगी बघू. बघते तर काय, ह्यानं शाळेच्या किचनमध्ये मुलांना बटाटे वाढणारी बेरिल आधीच पसंत करून ठेवलेली. आई तेव्हा फोनवर रडली होती. मी रडले नाही, मी शशीशी सहा महिने बोलले नाही.

तुम्हाला वाटेल काळा झगा, टोकदार टोपी. छे! गुडघे दुखणारी, जाड बाई. टीव्हीवर स्नूकर लागलं की ताट मांडीवर घेऊन बसणारी. पण घरातलं एकेक बघावं! केरसुणी दाराशी उलटी उभी, दांडा खाली, केस वर. उंबरठ्याच्या फटीत मीठ. सूप ढवळायचं तर घड्याळाच्या काट्यासारखं, उजवीकडेच. मी एकदा डावीकडे ढवळलं तर तिनं न बोलता माझ्या हातातून डाव काढून घेतला. ऑक्टोबरच्या शेवटी गेलेल्या माणसांसाठी ताट वाढायची, त्यात माझ्या आईबाबांसाठीही. बटाट्याची भाजी करायची, मोहरी हमखास करपवायची. मी म्हटलं, "अगं, आईला करपलेली मोहरी चालायची नाही, ती मेल्यावर तरी तिला नीट जेवू घाल." पुढच्या वर्षी तिनं मोहरीच घातली नाही. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ही बाई चिडायचीच नाही.

"तुला चालतं कसं रे हे सगळं?" मी शशीला विचारायचे.

"ती देवाचंच करते, ताई. देव तेवढे वेगळे," तो म्हणायचा आणि वर्तमानपत्रात तोंड घालायचा. निवांत माणूस. लहानपणी मी त्याच्या वाटणीचा लाडू खाल्ला तरी हसायचा.

ह्या सगळ्यात तिचं खरं काही असेल तर त्या गाठी. किचनमध्ये किटलीच्या वर एक खिळा होता आणि खिळ्याला लाल लोकरीचे तुकडे. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की बेरिल लोकरीला एक गाठ मारायची आणि खिळ्याला अडकवायची. माणूस पोचलं, त्याचा फोन आला, की गाठ सोडायची. शशी भारतात तीन आठवडे जायचा, तर लोकर तीन आठवडे लटकलेली. माझ्यासाठीसुद्धा. नॉटिंगहॅमहून बर्मिंगहॅम, सव्वा तासाची ट्रेन! तेवढ्यासाठी काय गाठी मारायच्या? पण दरवेळी दारात म्हणायची, "पोचलीस की फोन कर, ताई, म्हणजे सोडते." एकदा मी विसरले, तर सकाळी सात वाजता तिचा फोन. "तुझी लोकर तशीच आहे."

नियम एकच होता. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, आणि ज्याची गाठ त्यानंच पोचल्याचं सांगायचं. दुसऱ्यानं सांगितलेलं चालायचं नाही. कात्री लावायची नाही, कापलेली ती धरत नसे.

त्यांची मुलगी तनिषा झाली तेव्हा बेरिल दोन दिवस अडली होती. तिची आई तेव्हा जिवंत होती. म्हातारीनं घरातली सगळी कुलपं काढली, कपाटं उघडी टाकली, बुटांच्या नाड्या सोडल्या, लोणच्याच्या बरण्यांची झाकणंसुद्धा काढून ठेवली. म्हणजे पोर मोकळी होईल. शशीनं मला हे हसून सांगितलं होतं. आणि म्हणाला, "त्यांच्यात माणूस जातानाही असंच करतात म्हणे. घरात काही बांधलेलं ठेवायचं नाही, नाहीतर जीव अडकतो." मी म्हटलं, "घरात चोर शिरला म्हणजे मोकळा होईल जीव." खूप हसलो होतो दोघं.

दोन वर्षांपूर्वी शशीच्या पोटात कॅन्सर निघाला. जूनमध्ये कळलं, ऑगस्टमध्ये हॉस्पिटलनं घरी पाठवला. आता करण्यासारखं काही नाही, घरी आरामात राहू दे. पुढच्या खोलीत, बागेकडच्या खिडकीशी त्याचा पलंग लावला. मी राखीपौर्णिमेला बॅग भरून गेले आणि राहिले. आमचे हे गेल्यापासून मला घरी तरी कोण होतं?

राखी बर्मिंगहॅमच्या सोहो रोडवरून आणलेली, लाल दोरा, मधे एक सोनेरी मणी. शशीचं मनगट सुजलं होतं, नर्सला हाताशी काही करावं लागलं तर अडचण नको, म्हणून मी निरगाठ मारली नाही, सुरगाठ मारली. एक टोक ओढलं की सुटेल अशी. तो म्हणाला, "ताई, ओवाळणी उधार." मी त्याच्या टाळूवर एक टपली मारली. केस गेले होते सगळे.

सप्टेंबरच्या मध्यावर त्यानं खाणं सोडलं. मग पाणी. दंडाला औषधाचा पंप लावलेला, नर्स दिवसातून दोनदा येऊन बघायची. ती म्हणाली, एक दिवस, फार तर दोन. तनिषा लंडनच्या वेम्बलीहून सुट्टी काढून आली. दोन दिवस गेले, चार गेले. श्वास असा यायचा की आपण मोजत बसावं. थांबला, थांबला, आणि मग परत एक ओढून घेतलेला. कपाळाला आठ्या. झोपेतही कण्हायचा. नर्सनं औषध वाढवलं तेव्हा जरा शांत झाला, पण जाईना. मिरजेहून चुलतभाऊ ज्ञानेश्वरचा फोन आला. तोही म्हणाला, "गिरिजाताई, कशात तरी जीव अडकलाय बघा त्याचा."

पाचव्या दिवशी सकाळी मी खाली आले तर बेरिल घर उघडत होती. तिच्या त्या गुडघ्यांनी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. पडद्यांच्या दोऱ्या सोडलेल्या, ॲप्रनचे बंद सोडलेले, किचनमधली कपाटं सताड उघडी, चहाच्या डब्याचं झाकण बाजूला. मागच्या दाराचं कुलूप काढलेलं. तनिषाच्या केसांचा रबर बॅंडसुद्धा तिनं मागून घेतला. तनिषा हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते. तिनं मुकाट्यानं दिला.

मग बेरिल माझ्यापाशी आली. हात ॲप्रनला पुसले आणि म्हणाली, "ताई, आता फक्त ती एक राहिली."

मला कळलं. तरी मी विचारलं, "कुठली?"

"त्याच्या हातातली. ती मी सोडू शकत नाही. तू बांधलीस."

काय सांगू, माझ्या डोक्यात असा जाळ झाला! चाळीस वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. मी म्हटलं, ती राखी आहे, तुझी लोकर नव्हे. ती बहिणीनं भावाच्या रक्षणासाठी... नाही, हेही खरं नाही, भावानं बहिणीचं रक्षण करायचं असतं, पण रागात कुणाला सुचतंय. मी म्हटलं, "तुला तुझा नवरा मरायलाच हवाय."

बेरिल म्हणाली, "हो, ताई. आता हवाय." आणि तिनं माझ्यासाठी चहा ओतला.

मी तो चहा सिंकमध्ये ओतला. आज लिहिताना लाज वाटते, पण ओतला. तनिषा मधे पडली, तिच्या त्या मराठीत. "आत्या, प्लीज, तू ते सोड ना. काय फरक पडतो? बाबाला त्रास होतोय." मी म्हटलं, "फरक पडत नसेल तर कशाला सोडू?" आणि वर जाऊन दार लावून बसले. खरं म्हणजे माझा विश्वास नव्हता असल्या गोष्टींवर. पण तो दोरा सोडला आणि शशी त्याच क्षणी गेला, तर? मग मीच त्याला घालवला असं होईल. आणि नाही सोडला, तर अजून तरी आहे. हे असं मी आठ-आठ वेळा मनात फिरवत होते. बेरिलनं मला परत विचारलं नाही. एकदाही नाही.

त्याच दुपारी बेरिल आणि तनिषा बाहेर गेल्या, केमिस्टकडे. मी शशीजवळ बसले होते. मग मी चहा करायला किचनमध्ये गेले. किती वेळ? पाच मिनिटं, दहा. परत आले तर शशीचे डोळे उघडे होते. चार दिवसांत पहिल्यांदा. आणि राखी त्याच्या हातात नव्हती. चादरीवर पडली होती, सोडलेली. त्याचा डावा हात तिच्याशेजारी होता, बोटं अजून हलत होती. ज्या माणसाला ओठ ओले करायला दुसऱ्याचा हात लागत होता, त्यानं ते टोक चिमटीत धरून ओढलं होतं. आम्ही सकाळी भांडलो ते त्यानं ऐकलं असणार; भिंती त्या घराच्या कागदासारख्या. बायकोच्या सगळ्या रीती त्याला चाळीस वर्षांत पाठ झालेल्या. दोघींनाही मागायला नको, दोघींनाही सांगायला नको, म्हणून, नियमात बसो न बसो, त्यानं स्वतःच करून टाकलं. आणि त्याचा चेहरा, देवाशपथ सांगते, कपाळावर एक आठी नव्हती.

मी चहाचा कप ठेवला. राखी उचलली. त्याचा हात हातात घेतला आणि परत बांधली. कारखान्यात आम्ही सीटच्या कव्हरांना आतून मारायचो तशी निरगाठ, दोनदा ओढून, वर अजून एक. उरलेली टोकं दातांनी तोडली. म्हणजे धरायला काही नको.

शशीनं माझ्याकडे बघितलं. बोलता येत होतं की नाही मला माहीत नाही. बघितलं बराच वेळ, लहानपणी मी लाडू घेतल्यावर बघायचा तसं, फक्त हसला नाही. मग त्यानं डोळे मिटले आणि ते पुढे उघडलेच नाहीत.

त्यानंतर तो सहा दिवस राहिला. सहा दिवस! त्या सहा दिवसांचं मी काही सांगणार नाही. तनिषा जिन्यावर बसून कानांवर हात घ्यायची, एवढंच सांगते.

सातव्या दिवशी दुपारी चार वाजता गेला. मी दूध आणायला कोपऱ्यावर गेले होते. परत आले तर खिडकी उघडी होती आणि बेरिल त्याच्या पायांशी उभी होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "ताई, आता तरी सोड. बांधलेला जायला नको."

मी बसले. सोडायचा प्रयत्न केला. नखं लावली, सुई आणली, दात लावले. डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि टोकं तर मीच तोडलेली. अंत्यविधीवाल्यांची माणसं आली, किचनमध्ये उभी राहून चहा प्यायली, दुसऱ्यांदा प्यायली. पाऊण तास झाला. गाठ हलली नाही. तनिषानं कात्री पुढे केली, बेरिलनं ती बाजूला सारली.

मग बेरिल खाली वाकली. गाठींमधलं तिला माझ्याइतकंच कळायचं, कदाचित जास्त. तिनं तो दोरा बोटानं फिरवून बघितला. "ताई," ती म्हणाली, "तू राखीला बांधली होतीस ती अशी नव्हती. ती ओढली की सुटणारी होती. मी पाहिली होती."

आता बघा, हीच वेळ होती. बोलले असते तर तिनं मला काय केलं असतं? काही केलं नसतं. चहा ओतला असता. पण मी म्हटलं, "नाही. तीच आहे."

"ओके," बेरिल म्हणाली.

शशी ती राखी घेऊन गेला. तिच्यासकट जळला.

अंत्यविधीनंतर दोन दिवसांनी मी निघाले. बेरिल दारात आली. तिच्या हातात लाल लोकर होती. मला वाटलं होतं ह्या वेळी ती नाही मारणार. मारली, माझ्यासमोरच. "पोचलीस की फोन कर, ताई, म्हणजे सोडते," म्हणाली. नेहमीच्याच आवाजात.

मी फोन केला नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, उद्या करू. तिचा आवाज ऐकला की ती विचारेल, आणि विचारलं नाही तरी ती विचारत नाहीये हे मला कळेल. सकाळी सात वाजता तिचा फोन आला, मी उचलला नाही. फोनच्या मशीनवर तिचा आवाज, "ताई, मीच आहे. काही नाही. फोन कर." दिवाळीला आला, उचलला नाही. तनिषाला मात्र मी मेसेज करत होते, मी बरी आहे, आईला सांग. बरी होतेच. दोन वेळा जेवत होते, टीव्ही बघत होते, आणि फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जात होते. इतकी शहाणी बाई मी, पंच्याहत्तरीची, आणि एका फोनला भ्यायले!

तेरा महिने असे गेले. नोव्हेंबरमध्ये तनिषाचा मेसेज आला की मम्मीला स्ट्रोक आला, सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये. मी बॅग भरली. ट्रेनमध्ये ठरवलं, आता जाते आणि सांगतेच, ऐकू येत असलं नसलं तरी. बर्टनच्या पुढे गाडी गेली तेव्हा दुसरा मेसेज आला. मी स्टेशनवर उतरले आणि बाकावर बसून राहिले.

तिच्या अंत्यविधीला तिच्याच पंथाच्या दहा-बारा बायका होत्या, माझ्याच वयाच्या, रेनकोट घातलेल्या. वेताच्या पेटीत ठेवली होती तिला. मी मागच्या रांगेत बसले. कुणी माझ्याकडे वाकडं बघितलं नाही. तिनं कुणाला काही सांगितलंच नव्हतं, की तिला माहीतच नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही.

घरी गेल्यावर तनिषानं मला एक पाकीट दिलं. "आत्या, हा तुझा लोकर आहे. किटलीवर होता. मी मम्मीला बोलले, आत्या घरी पोचली, तू काढून टाक. ती बोलली, नाही, तिनी स्वतः सांगायला पाहिजे. कोणाला हात नाही लावू दिली." मग तिनं पाकिटावर बोट ठेवलं. "मी सोडू?"

"नको," मी म्हटलं.

आता ती लोकर माझ्या किचनमध्ये आहे. किटलीच्या वर मी खिळा ठोकला, शेजारच्या राजेंद्रकडून ड्रिल आणून. सकाळी पाणी ठेवलं की मी सांगते, बेरिल, मी पोचले. शशीनं स्वतःच सोडली होती गं, मी परत बांधली. दोन वाक्यं आहेत, फोनवर अर्धं मिनिटही लागलं नसतं. ऐकायला तिथं कुणी नाही, हे मला कळतं, मी काही खुळी नाही.

मी ती जवळून बघितलीय, चष्मा लावून. सुरगाठ आहे. एक टोक ओढलं की सुटेल. पण ती बेरिलनं बांधलेली आहे.